एकट्या फौजींची यादी करताना

नोव्हेंबर लागला की आमच्या सेवा केंद्रात पेन्शनरांची रांग लागते. हयातीचा दाखला द्यायचा असतो. रिटायर गुरुजी असतात, तलाठी असतात, फौजेतून आलेले असतात, फौजींच्या विधवा असतात. अमळनेर तालुक्यात बोरी नदीच्या काठी आमचं गाव, आणि हे केंद्र मी बरीच वर्षं चालवते. समोर बसलेला माणूस जिवंत आहे एवढंच मला त्या महिन्यात सरकारला कळवायचं असतं. पण त्या निमित्ताने गावातलं प्रत्येक म्हातारं माणूस वर्षातून एकदा तरी नीट बघायला मिळतं. कोण वाळलं, कोणाला दिसेनासं झालं, कोण मागच्या वर्षी चालत आलं होतं आणि यंदा मोटारसायकलवर मधे बसवून आणावं लागलं, सगळं कळतं.

एका वर्षी महिना संपत आला तरी फौजी आप्पा आले नाहीत.

आप्पा १९६४ साली खडकीला बॉम्बे सॅपर्समध्ये, म्हणजे पूल बांधणाऱ्या, सुरुंग काढणाऱ्या फौजी इंजिनिअरांच्या दलात भरती झाले, १९७१ च्या लढाईत पश्चिम आघाडीवर होते आणि १९८१ साली हवालदार म्हणून पेन्शनवर आले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता मुलगा सुरतेला कापडाच्या मिलमध्ये होता, तो तरणाताठा वारला. सून आणि नातू तिकडेच राहिले. घरी आप्पा एकटे. दाखल्यासाठी ते दरवर्षी पहिल्याच आठवड्यात यायचे, सगळे कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला सुतळी बांधलेली.

दुपारी केंद्राला कुलूप लावून मी त्यांच्या घरी गेले. दार नुसतं लोटलेलं होतं. आप्पा खाटेवर पडून, अंगात ताप, मोरीत घसरून कमरेला मार लागलेला. पाण्याचा तांब्या हात पोचणार नाही इतका लांब. कसेबसे म्हणाले, चार दिवस झाले. शेजारच्यांना वाटत होतं आप्पा नातवाकडे सुरतेला गेलेत. नातवाला वाटत होतं आजोबा गावात आहेत, गाव बघतंय. दिवाळीत आप्पा खरंच सुरतेला जायचं म्हणत होते, आणि गावाचीही त्यांच्यावर माया आहे. १५ ऑगस्टला शाळेच्या झेंड्यापाशी पहिली खुर्ची त्यांची असते. तरी ते असे पडून राहिले आणि कोणाला पत्ता लागला नाही.

हे माझ्या मनाला फार लागलं. शेजारी चांगले, नातू चांगला, गाव चांगलं, आणि तरीही माणूस तहानलेला मेला असता. म्हणजे कोणाच्या चांगुलपणावर हे काम सोडून चालणार नव्हतं. कोणीतरी रोज त्या दारापर्यंत जायला हवं होतं, आणि ते कोणी जायचं हे आधी ठरलेलं असायला हवं होतं.

पुढे जे जे केलं ते इथे लिहिते. आमच्यासारखं गाव तुमचंही असेल.

आप्पा जरा उठून बसायला लागल्यावर पहिलं काम दाखल्याचं. संरक्षण खात्याची पेन्शन आता स्पर्श नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेतून येते, तिचा कारभार प्रयागराजच्या संरक्षण पेन्शन कार्यालयाकडे. दाखला वेळेत गेला नाही की पेन्शन थांबते. नंतर दिला तर थकबाकीसकट सुरू होते, पण मधले महिने म्हाताऱ्याने काय खायचं? आप्पांच्या बोटांचे ठसे मशीन घेत नव्हतं. आयुष्यभर कुदळ, फावडं, नंतर कपाशी. रेषा पार झिजलेल्या. २०२१ पासून चेहऱ्यावरूनही दाखला काढता येतो, मोबाईल समोर धरायचा आणि माणसाने डोळ्यांची उघडझाप करायची. मी फोन धरला, तसे आप्पा खाटेवर ताठ बसले, हात मांडीला चिकटवले, नजर समोर. परेडला उभे केल्यासारखे. पापणी लवेचना. दोन-तीनदा सांगितल्यावर म्हणाले, "फोटोमा डोया लवाडा ते उस्ताद चिडस." मग मीच जवळ बसून डोळे मिचकावून दाखवले, तेव्हा झालं.

मग लक्षात आलं की स्पर्शवर जो मोबाईल नंबर जोडलेला आहे तो सुरतेच्या नातवाचा. म्हणजे प्रत्येक ओटीपी सुरतेला. नातू मिलमध्ये पाळीवर असला की फोन बंद. हे एकट्या आप्पांचं नव्हतं. नंतर जितकी घरं पाहिली त्यांतल्या बहुतेक घरांत हेच होतं, नंबर पुण्याचा नाहीतर नाशिकचा, आणि माणूस इथे. नंबर बदलून घेणं हे पहिलं काम मी सगळ्यांना सांगते. आणि ज्यांना केंद्रापर्यंत येणं होत नाही त्यांच्यासाठी पोस्टमन आहे. २०२० पासून टपाल खात्याची पेमेंट्स बँक घरी येऊन हयातीचा दाखला काढून देते, थोडं शुल्क लागतं. आमच्या पोस्टमन भाऊंना हे करता येतं, हे गावात फार थोड्यांना माहीत होतं.

औषधपाण्याचं त्याहून मोठं होतं. माजी सैनिकांची ईसीएचएस ही आरोग्य योजना १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. आप्पांनी तिच्यात नावच घातलं नव्हतं. का, तर एकरकमी पैसे भरावे लागतात असं कोणीतरी सांगितलं होतं. पैसे भरावे लागतात हे खरं, पण १ जानेवारी १९९६ च्या आधी जे पेन्शनवर आले त्यांना ते माफ आहेत. आप्पा १९८१ चे. इतकी वर्षं ते ब्लडप्रेशरच्या गोळ्या स्वतःच्या खिशातून आणत होते, आणि पैसे कमी पडले की एक दिवसाआड खात होते. अर्जाला डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळतं ते), पीपीओ (पेन्शन मंजुरीचा आदेश) आणि आधार लागतं. इथे नावाची गाठ पडली. फौजेने १९६४ साली जे नाव लिहिलं त्यात वडिलांचं नाव आडनावाच्या जागी, आधारवर आडनाव निराळं, जन्मतारीख दोन्हीकडे वेगळी. भरती करणाऱ्या माणसाने अंदाजाने तारीख टाकायची अशी त्या काळची रीतच होती. खानदेशातल्या जुन्या फौजींच्या दर दुसऱ्या कागदात हा घोळ सापडतो. प्रतिज्ञापत्र, मग आधारची दुरुस्ती, मग पुन्हा अर्ज, असं ते काम महिनोन् महिने चाललं. एका खिडकीवरून दुसरीकडे पाठवायचे, दुसरीवरून पहिलीकडे. आप्पांना मी दर वेळी नेलं नाही, तेवढं त्यांच्या अंगात नव्हतं. सोबत यायचे सुभेदार साहेब.

सुभेदार साहेब शेजारच्या गावचे, महार रेजिमेंटमधून निवृत्त झालेले. सत्तरी ओलांडली आहे, पण पहाटे उठून दोन मैल चालतात. आप्पांचं ऐकलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी एक जाड फुलस्केप वही घेऊन केंद्रात आले आणि म्हणाले, "ताई, नॉमिनल रोल बनवू." फौजेत तुकडीतल्या माणसांची जी नावनिशीवार यादी असते तिला ते हे म्हणतात. आसपासच्या गावांत किती माजी सैनिक आहेत, त्यांतले एकटे कोण, एवढं आधी कागदावर यायला हवं, असं त्यांचं म्हणणं.

प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं, तिथे माजी सैनिकांची नोंद असते. पण ज्याने नोंदच केली नाही त्याचं नाव तिथे कुठून असणार? आणि एकट्या पडलेल्या माणसाने नोंद केलेली नसण्याचीच शक्यता जास्त. म्हणून आम्ही उलटीकडून गेलो. २०२० साली राज्य सरकारने बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना आणली, तिच्यात माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवांना घरपट्टी माफ आहे. मग ग्रामपंचायतीत घरपट्टी माफ झालेल्यांची नावं असणारच. ग्रामसेवकांकडून ती घेतली. पोस्टमन भाऊंना विचारलं. आणि खरी यादी वाढली ती ओट्यांवर बसलेल्या म्हाताऱ्या बायांमुळे. "तो बल्लीवाला नही का, तो पन फौजमा व्हता," असं एक म्हणायची, की दुसरीला आणखी एक आठवायचा. भिंतीवरच्या फोटोंनीही मदत केली. पत्ता विचारायला म्हणून एका घरात शिरावं आणि फ्रेममध्ये टोपीवाला तरुण दिसावा.

फौजेत जाणं आपल्या खानदेशात आजचं नाही. १८२५ साली आउट्रम नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने इथे भिल्ल पलटण उभी केली, तिचं ठाणं धरणगावला होतं. पुढे १९६२ नंतर मोठी भरती झाली तेव्हा गावागावांतून पोरं गेली. तीच पोरं आता ऐंशीच्या घरात आहेत. त्यांची मुलं सुरत, नाशिक, पुण्याला. शेतीचे तुकडे झालेले किंवा विकलेले. बायका बहुतेकांच्या आधी गेलेल्या. यादीत एकटं कोण हे शोधताना मला वाटलं होतं की निपुत्रिक माणसंच निघतील. तसं झालं नाही. तीन-तीन मुलगे असलेले एकटे निघाले.

वहीत आम्ही काय लिहिलं ते सांगते. नाव, आर्मी नंबर, युनिट, पीपीओ नंबर, डिस्चार्ज बुक घरात कुठे ठेवलं आहे, ईसीएचएस कार्ड आहे का, ओटीपी कोणाच्या मोबाईलवर जातो, गोळ्या कोणत्या, सगळ्यात जवळचं घर कोणतं, घराची किल्ली कोणाकडे. आणि शेवटचा रकाना सुभेदार साहेबांनी स्वतः आखला. वर लिहिलं, "नेक्स्ट ऑफ किन".

तो रकाना भरायचा मला धसका होता. ऐंशी वर्षांच्या माणसाला कसं विचारायचं की तुम्ही गेल्यावर कोणाला बोलवायचं? आपल्याकडे असं बोललं तरी लोक म्हणतात, अभद्र बोलू नका. पण सुभेदार साहेबांनी पहिल्याच घरी पेन काढून सरळ विचारलं, आणि समोरच्या म्हाताऱ्याने तितक्याच सरळपणे उत्तर दिलं. मी बघतच राहिले. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "ताई, अठराव्या वर्षी भरती झालो तेव्हापासून आम्ही हे लिहीत आलोय. पुढे जायच्या आधी नाव, पत्ता, काय झालं तर कोणाला तार करायची. नवीन काय त्यात?" ते खरंच होतं. एकाही फौजीने त्या प्रश्नावर तोंड फिरवलं नाही. उलट विचारल्यावर काही जण मोकळे झाले. एकाने आतून ट्रंक ओढून आणली आणि मेडल कोणाला द्यायची तेही सांगितलं. घरातल्या माणसांनी, शेजाऱ्यांनी ज्या गोष्टीला हात लावायची हिंमत केली नव्हती ती गोष्ट त्यांच्या मनात कधीची तयार होती, विचारणारं कोणी नव्हतं.

आप्पा म्हणाले, "नातूले फोन करा. तो नही उना ते सुभेदार डाग देई." मग जरा थांबून माझ्याकडे बघत म्हणाले, "पन आखाजीले मन्ही घागर कोन भरी वं पोरी?"

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते. डाग देणं म्हणजे चितेला अग्नी देणं. आणि घागरीचं असं, की अक्षय तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावाने पाण्याची घागर भरतात. घागरीवर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, सांजोऱ्या ठेवतात, पुरणपोळी आणि आमरसाचा घास चुलीतल्या निखाऱ्यावर टाकतात. ज्याच्या नावाची घागर कोणी भरत नाही तो तहानलेला फिरतो असं जुनी माणसं मानतात. माणसाला आपण विसरले जाऊ याची भीती वाटते म्हणजे नेमकं काय वाटतं, ते मला त्या प्रश्नात कळलं. मी म्हटलं, "मी भरसू आप्पा. लिखी लेस." आणि वहीत तेही लिहिलं.

रोज दारापर्यंत कोणी जायचं, हे काम कसं सुटलं ते सांगते. आमच्या भागात भरतीची तयारी करणारी पोरं पहाटे रस्त्यावर पळतात. सोळाशे मीटरची वेळ लावतात. सुभेदार साहेब त्यांना तसेही शिकवत असत. त्यांनी पोरांचा पळायचा रस्ताच बदलला. आधी पोरं हायवेकडे पळत, आता गावातून, वस्तीतून, एकट्या फौजींच्या दारावरून पळू लागली. दारासमोर थांबायचं आणि मोठ्याने "जय हिंद" म्हणायचं. आतून "जय हिंद" आलं की पुढे. नाही आलं तर दार ढकलून आत जायचं. एवढंच. आप्पा पोरांच्या आधी उठून ओट्यावर बसायला लागले. घड्याळ हातात धरून बसायचे आणि पोरांना उशीर झाला की रागवायचे. एक पोरगा छातीच्या मापात थोडक्यात राहायचा, त्याला आप्पांनी रोज थांबवून श्वास भरायला शिकवलं. तो पुढे भरती झाला.

संध्याकाळचं काम पाटाच्या पाण्याच्या पाळीसारखं वाटून घेतलं, कोणत्या वारी कोणत्या घरातून कोण जाणार ते ठरवून. ज्याचा वार त्याने अर्धा तास बसायचं, गोळ्या घेतल्या का बघायचं, आणि निघताना वहीच्या कागदावर सही करायची. सही का, असं काहींनी विचारलं. सही असली की न गेलेलं दिसतं, म्हणून. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्याखालच्या नियमांत पोलीस ठाण्यानेही एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवून महिन्यातून एकदा भेट द्यावी असं आहे. म्हणून आमच्या यादीची एक प्रत ठाण्यात दिली. ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हा हेल्पलाइन नंबर प्रत्येकाच्या दारामागे खडूने लिहिला.

विधवांबद्दल थोडं. यादीत त्या फौजींइतक्याच निघाल्या. नवऱ्याच्या पीपीओवर बायकोचं नाव चुकलेलं असलं की फॅमिली पेन्शन अडते. माहेरचं नाव तिकडे, सासरचं नाव इकडे. लग्नात नाव बदलायची पद्धत आपल्याकडे होतीच. नवरा हयात असतानाच ते नाव दुरुस्त करून घ्या, हे मी आता हात जोडून सांगते. तो गेल्यावर त्या बाईला आपण त्याचीच बायको होतो हे सिद्ध करत फिरावं लागतं. असं फिरताना मी पाहिलं आहे, आणि ते बघवत नाही.

ज्यांना पेन्शनच नाही असेही फौजी असतात, हे मला आधी माहीत नव्हतं. जवानाला पेन्शन लागते ती साधारण पंधरा वर्षांच्या नोकरीनंतर. त्याआधी घरी आलेल्यांना सहसा पेन्शन नाही. चोपड्याकडचे एक बाबा असे सापडले. सातपुड्याच्या पायथ्याची वस्ती, कुडाचं घर, पोटापुरती मजुरी तीही आता होत नव्हती. अशांसाठी संरक्षणमंत्र्यांच्या माजी सैनिक कल्याण निधीतून मदत मिळते, दिल्लीच्या केंद्रीय सैनिक बोर्डाकडून. वय ६५ च्या वर, हुद्दा हवालदार किंवा खालचा, पेन्शन नाही, उत्पन्न नाही. अर्ज ऑनलाइन, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत. ही मदत दरमहा ४,००० रुपये होती. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ती ८,००० झाली आहे. बाबांचं डिस्चार्ज बुक वाळवीने खाल्लेलं. शिल्लक होतं ते मधलं पान, त्यावर आर्मी नंबर तेवढा शाबूत. त्या नंबरावरून रेकॉर्ड ऑफिसला लिहिलं. नंबर त्यांना पाठही होता. स्वतःचं वय नीट सांगता येत नव्हतं, पण नंबर विचारला की एका दमात म्हणायचे. कुठल्याही फौजीला विचारून बघा, तो विसरत नाही.

आप्पांना पुढच्या थंडीत दम लागायला लागला. जळगावला ईसीएचएसच्या कार्डावर दवाखान्यात ठेवलं. एक पैसा लागला नाही. डॉक्टरांनी शेवटी सांगितलं की हृदय थकलं आहे, आता घरी न्या. आप्पांनाही घरीच यायचं होतं.

तेव्हा रात्रीच्या पाळ्या लावाव्या लागल्या. २००१ साली अमेरिकेत ओरेगनमधल्या सँड्रा क्लार्क नावाच्या नर्सने आपल्या दवाखान्यात ठरवलं, की ज्याचं कोणी नाही त्याच्या शेवटच्या तासांत कोणीतरी पाळीने बसेल. पुढे तिकडच्या माजी सैनिकांच्या सरकारी दवाखान्यांनीही तसं सुरू केलं. हे वाचून मला बरं वाटलं होतं की आपण काही जगावेगळं करत नाही. आमच्याकडे फरक एवढाच की आप्पांच्या खाटेभोवती बसणाऱ्यांना त्यांची सगळी कहाणी पाठ होती. पोरं रात्री बसायची. आप्पांना मधूनच वाटायचं आपण अजून लढाईतल्या सुरुंगाच्या पट्ट्यात आहोत. "पाय तठेच ठेव," म्हणायचे. भरतीवाल्या एका पोराने, तो जेमतेम वीसचा, त्यांचा पाय हातात धरून सांगितलं, "ठेवला साहेब." कोणी शिकवलं नव्हतं त्याला. मी दाराशी उभी होते, मला रडू आवरेना.

पहाटे गेले. सुभेदार साहेब आणि दोन पोरं जवळ होती. शेवटचं पाणी सुभेदार साहेबांनी घातलं.

नातवाला लगेच फोन केला. तो सुरत-भुसावळ मार्गाच्या गाडीने दुपारी अमळनेरला उतरला. तोवर एक वाद झाला होता, तो लिहायला हवा, कारण असा वाद बऱ्याच गावांत होतो. पोरांनी तिरंगा आणला होता, आप्पांवर पांघरायचा म्हणून. सुभेदार साहेबांनी हात आडवा केला. ध्वजसंहितेप्रमाणे शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी दलांच्या इतमामाने होणाऱ्या अंत्यविधीतच ध्वज पांघरता येतो. निवृत्त होऊन घरी नैसर्गिकपणे गेलेल्या माणसाला तो आपल्या मनाने घालता येत नाही, आणि ध्वज चितेवर तर कधीच जात नाही. पोरं चिडली. एक म्हणाला, "मग त्यांचा मान कशाचा?" सुभेदार साहेब म्हणाले, "ज्या झेंड्यासाठी तो नियम पाळत आला, त्याचा नियम त्याच्यावरच मोडू?" मग आप्पांची ट्रंक उघडली. टोपी छातीवर ठेवली, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल लावली. आसपासच्या गावांतून यादीतले फौजी आले, काही काठी टेकत, एकाला दोघांनी धरून आणलं. नदीकाठी ओळीत उभे राहिले आणि सुभेदार साहेबांच्या हुकमावर एकदम सलाम केला. नातवाने डाग दिला. मान कशाचा असं विचारणारा पोरगा त्याच ओळीच्या टोकाला सावधान उभा होता.

मृत्यूची नोंद स्पर्शवर करावी लागते. शेवटच्या तारखेपर्यंतची पेन्शन नामनिर्देशित माणसाला मिळते. आप्पांनी नातवाचं नाव आधीच भरलेलं होतं, त्यामुळे वारस दाखल्यासाठी फिरावं लागलं नाही.

आखाजीला मी घागर भरली. डांगर बाजारातून आणलं, सांजोऱ्या घरी केल्या. नातवाने सुरतेहून व्हिडिओ कॉल केला, त्याच्या आईलाही बसवलं होतं. त्या वर्षी यादीतल्या आणखी दोघांच्या घागरी आमच्या ओट्यावर होत्या, त्यांच्या विधवांना एकट्याने घरी भरवत नव्हतं म्हणून.

वही आता दुसरी सुरू आहे. दर १४ जानेवारीला, जनरल करिअप्पा १९५३ साली ज्या दिवशी निवृत्त झाले त्या माजी सैनिक दिनाला, आम्ही बसून सगळे रकाने पुन्हा तपासतो. नंबर बदललेले असतात, किल्ली दुसऱ्याकडे गेलेली असते. पारोळ्याकडच्या दोन गावांतल्या पोरांनी स्वतःचा पळायचा रस्ता आखून घेतला आहे. चोपड्याच्या बाबांच्या खात्यावर मदत जमा होऊ लागली. पहिल्या पैशांतून त्यांनी घरावर पत्रे टाकले.

एक मात्र अजून दार उघडत नाही. धरणगाव तालुक्यात मळ्यात एकटा राहतो, तोफखान्यातून आलेला. भावकीशी कोर्टकचेरी झाली तेव्हापासून कोणाशी बोलत नाही. पोरांनी "जय हिंद" म्हटलं तर आतून उत्तर येतं, पण दाराची कडी निघत नाही, आणि वहीत त्याचे सगळे रकाने कोरे आहेत. त्याच्याच बॅटरीतला, म्हणजे तोफखान्याच्या तुकडीतला, त्याच्याबरोबर नाशिकरोडला ट्रेनिंग केलेला एक माणूस चाळीसगावला सापडला आहे. येत्या रविवारी सुभेदार साहेब आणि मी त्याला गाडीत घालून मळ्यावर घेऊन चाललो आहोत.